सोबत्याच्या हातचं तेल

देवाजी रामटेकेनं नळी लावून हिरव्या चेतकची टाकी डब्यात रिकामी केली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत स्कूटर स्वतःकडे झुकवून धरली. कमरेत कळ आली. साठीला टेकलेल्या माणसानं एवढं वजन पेलायचं काही कारण नव्हतं. पण शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर सुकलू मडावी बसला होता, आणि सुकलूसमोर अलीकडे देवाजीला कुठलंच काम जड म्हणता येत नसे.

"काका, तेल बरोबर टाकजा," रंजीता म्हणाली.

रंजीता सुकलूची मुलगी. ती पायाला क्रिकेटचे पॅड बांधत होती आणि तिच्या बोलण्यात काडीचाही हेतू नव्हता. देवाजीचा हात मात्र आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच.

"टाकतो बाई," तो म्हणाला.

आरमोरीपासून तासाभराच्या आत असलेल्या हिरडटोल्याचा हा स्कूटरपट. बैलांच्या शर्यतीचा शंकरपट ज्या वर्षांत बंद पडला, त्या वर्षांत गावाला करमेना. धान निघालेलं, बांध्या म्हणजे भाताची खाचरं मोकळी, पाहुण्यांना यायची सवय, आणि पट नाही. तेव्हा कुणीतरी म्हणालं, बैल नाही तर नाही, स्कूटरी पळवा. गंमत म्हणता म्हणता त्याची रीत झाली. पुढं बैल परत आले, तरी स्कूटरपट राहिला. बांध्यांमधले धुरे, म्हणजे मातीचे बांध, फोडायचे, रोलर फिरवून वाटोळा रस्ता करायचा, वळणाच्या चार मोडांवर भाताच्या तणसाचे ढीग लावायचे आणि दहा फेऱ्या पळायचं. गाडी जुनीच पाहिजे. सासऱ्यानं दिलेली नवी कोरी मोटरसायकल घेऊन येणाऱ्या जावयाला इथं कुणी तंबाखू-सुपारीचा खर्राही विचारत नाही.

बैलांच्या पटातली एक रीत गावानं स्कूटरींनाही लावली होती. पटाच्या सकाळी जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्यानं आपल्या जोडीला स्वतःच्या हातानं चारायचं नाही, दुसऱ्या घरच्या सोबत्यानं चारायचं. तसंच स्कूटरचं. जुनं पेट्रोल सोबत्यानं काढायचं, नवं दोन लिटर त्यानंच भरायचं, तेलही त्यानंच टाकायचं. झाकण एकदा लागलं की पट संपेपर्यंत स्वारानं ते उघडायचं नाही. उघडलं तर सोबत्यावर भरवसा नाही असा अर्थ होतो, आणि त्याहून मोठी बेअब्रू या गावात दुसरी नाही. देवाजी आणि सुकलू सात वर्षं एकमेकांच्या टाक्या भरत आले होते. सातही वर्षं ते पळत मात्र एकमेकांविरुद्धच होते. सहा वेळा सुकलू पहिला आला आणि सहा वेळा देवाजी दुसरा.

सातव्या वेळी देवाजी पहिला आला. त्याच वर्षी सुकलूचा पाय कामातून गेला.

या जुन्या गाड्यांना पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं, लिटरामागे एक पुडी. तेल असलं की मागून निळा धूर निघतो. नसलं तर धूर नाही, इंजिन कोरडं चालतं, तापत जातं आणि चालता चालता पिस्टन पकडतो. मग मागचं चाक जागच्या जागी थांबतं, गाडी कितीही वेगात असो.

त्या वर्षी देवाजीनं सुकलूच्या टाकीत पेट्रोल ओतलं तेव्हा तेलाच्या दोन पुड्या त्याच्या शर्टाच्या खिशात होत्या. तेवढ्यात रेघेवरच्या जागांच्या चिठ्ठ्या काढायला माइकवरून नावं पुकारली, देवाजीचं पहिलं. त्यानं झाकण लावलं आणि तो गेला. विसरला, एवढंच. विसरण्यात काही पाप नव्हतं, लोक वरातीत नवरदेवाचे बूट विसरून येतात.

पाप पुढं होतं. चुन्याच्या रेघेवर अकरा स्कूटरी उभ्या राहिल्या आणि दहा स्कूटरींमागून निळा धूर निघत राहिला. सुकलूच्या चेतकमागं आधी थोडा होता, मग विरळ झाला, मग दिसेनासा झाला. देवाजीनं खिसा चाचपला. पुड्या तिथंच होत्या, अंगाच्या उबेनं कोमट झालेल्या. झेंडी पडायला अजून अवकाश होता. हात वर केला असता तर सगळे थांबले असते. पाच मिनिटांचं काम होतं. देवाजीला ते सगळं कळलं, आणि त्यानं हात वर केला नाही. फार तर गाडी बंद पडेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. एक वर्ष तरी सुकलूच्या मागं राहायला नको, असंही म्हटलं. हे दुसरं त्यानं आजवर स्वतःशीसुद्धा पुन्हा म्हटलं नव्हतं.

पाचव्या फेरीत मोहाच्या झाडाजवळच्या मोडावर सुकलूची गाडी आडवी झाली आणि सुकलू धुऱ्यावर जाऊन आपटला. गुडघ्याचे तुकडे झाले. लाल झेंडीनं पट थांबेपर्यंत देवाजी सगळ्यांच्या पुढं निघून गेला होता, म्हणून बक्षिसाचा पितळी गुंड त्याच्या घरी गेला. त्याची बायको सरिता त्यात पिण्याचं पाणी भरते. देवाजी माठातलं पितो. सरितानं एकदोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं.

नागपूरला सुकलूच्या पायात सळ्या घातल्या. देवाजी प्रत्येक खेपेला सोबत गेला. त्यानं कागद केले, रांगेत उभा राहिला, सुकलूला लघवीची बाटली लावली. धानाच्या रोवणीच्या दिवसांत सुकलूच्या बांधीत माणसं लावून दिली, कारण सुकलूला आता वाकता येत नव्हतं. गावानं ते पाहिलं आणि गाव म्हणू लागलं, मैतर असावा तं देवाजीसारखा. समाजमंदिराच्या कार्यक्रमात एकानं भाषणातसुद्धा म्हटलं. देवाजी मान खाली घालून बसला, तर लोकांना वाटलं माणूस किती नम्र.

आणि दोष तर कुणावर तरी जायलाच हवा होता. तो बिरजूवर गेला.

धूळ बसावी म्हणून मोडांवर टँकरनं पाणी मारायचं काम बिरजूचं होतं. पाणी जास्त मारलं, चिखल झाला, चाक घसरलं, असा निकाल गावानं संध्याकाळच्या आत लावून टाकला. मोहाच्या मोडावर आपण पाणी मारलंच नाही, तिथं पोचेपर्यंत टँकर रिकामा झाला होता, असं बिरजू ज्याला त्याला सांगत फिरला. लोक हसले. ज्याच्या ट्रॅक्टरवर तो होता त्या मालकानं त्याला टँकरवरून काढून टाकलं. तेव्हापासून बिरजू रस्त्याच्या कामावर गिट्टी टाकायला जातो. पोरं त्याला वाटेत अडवून म्हणत, जपून चाल गा, तुयाच पाण्यावर घसरशील. एका लग्नात पंगतीत पाणी वाढायला त्यानं जग उचलला तर चारचौघांनी तो हातातून काढून घेतला, गमतीनं म्हणे. गावाची गंमत ही अशी असते, ज्याच्यावर बेतते त्यालाच तिची चव कळते.

बिरजूनं पटाच्या मांडवात येणं सोडलं, पण पट सोडला नाही. पलीकडच्या धुऱ्यावर, मोहाच्या झाडाखाली तो सायकल धरून उभा राहायचा. सायकल स्टँडवर लावायचा नाही. कुणी काही बोललंच तर निघायला बरं.

आजही तो तिथं उभा होता. देवाजीनं सकाळपासून तिकडे पाठ केली होती.

दोन वर्षं हिरवी चेतक सुकलूच्या गोठ्यात ताडपत्रीखाली पडून होती आणि देवाजीचा जीव त्या ताडपत्रीखाली अडकलेला होता. रंजीता आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकून आली. दिवाळीत तिनं इंजिन खोललं असं सरितानं सांगितलं, त्यानंतर पंधरा दिवस देवाजी त्या घरी फिरकला नाही. कोरड्या इंजिनाचा पिस्टन लपत नाही, त्यावरचे ओरखडे आंधळ्यालाही बोटानं लागतात. पण काहीच झालं नाही. उलट पट जवळ आला तसा सुकलूचाच निरोप आला, की या वर्षी पोरगी पळते, टाकी तू भर.

माइकवर नावं पुकारणं सुरू झालं. माइक दिनेशकडं होता आणि एरवी सरळ बोलणारा दिनेश हातात माइक आला की नाटकातल्या राजासारखा बोलायचा. रंजीता सुकलू मडावी हे नाव त्यानं तीनदा घोळवलं. रंजीता पॅड सावरत, हसत मांडवाकडे गेली. चेतकजवळ देवाजी आणि सुकलू दोघंच उरले.

देवाजीनं पेट्रोल ओतलं. खिशातून दोन पुड्या काढल्या. एक दातात धरली, आणि त्याला ती फाडता येईना. त्यानं पुडी तोंडातून काढली.

"सुकलू," तो म्हणाला, "त्या वर्षी मी तेल टाकलंच नव्हतं."

सुकलू तळहातावर प्लास्टिकची पन्नी घेऊन खर्रा घोटत होता. घोटणं थांबलं नाही.

"विसरलो होतो. पण रेघेवर आठवलं मले. पुड्या खिशातच होत्या. हात वर करता आला असता. नाई केला."

एवढं बोलून झालं. दोन वर्षं हे वाक्य त्यानं किती तऱ्हांनी मनात रचलं होतं, नागपूरच्या बसमध्ये, सुकलूच्या खाटेजवळ, स्वतःच्या संडासात. बाहेर आलं तेव्हा ते एवढंसंच निघालं. आता सुकलू काठी उगारेल, नाहीतर उठून जाईल, नाहीतर रडेल. तिन्हींसाठी देवाजीची तयारी होती.

"माहीत आहे," सुकलू म्हणाला.

"पोरीनं पिस्टन दाखवला असंल."

"पोरीनं दाखवला. तिले म्हटलं, जुना होता, गेला." सुकलूनं पन्नी गुंडाळून खिशात ठेवली. खर्रा तोंडात टाकला नाही. "मले तवाच समजलं होतं, देवाजी. दुसऱ्या फेरीत. मोडावर मांगं वळून पाह्यलं, धूर नाई. आवाजही कोरडा. आपली गाडी आपल्याले नाई समजत का?"

देवाजीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"मग थांबला काऊन नाई?"

सुकलूनं समोरच्या मोकळ्या बांध्यांकडे पाहिलं. वाटोळ्या रस्त्यावर कुणाचं तरी कुत्रं निवांत चालत होतं आणि मांडवातून लोक त्याला हाकलत होते.

"तू मांगं होता," तो म्हणाला. "दोन हातांवर. थांबलो असतो तं तू पुढं गेला असता."

देवाजीला हलकं वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही. मग राग आला. दोन वर्षं मी एकट्यानं हे वाहिलं आणि तू खाटेवर पडून मला वाहू दिलंस, माझ्या हातून बाटली लावून घेतलीस. पण राग फार वेळ टिकला नाही, कारण त्याला उभं राहायला जागाच नव्हती. दोघांनी एकच गोष्ट केली होती, एकानं रेघेवर आणि एकानं मोडावर. हात वर करायचा तेव्हा दोघांनीही तो केला नव्हता.

"कोणाले काऊन नाई सांगतलं?" देवाजीनं विचारलं.

"काय सांगू? का धूर नव्हता हे माहीत होतं न तरी गाडी दामटली? बायको म्हणंल, मरायले गेला होता का? पोरगी म्हणंल..." सुकलूनं वाक्य सोडून दिलं. काठीचं टोक मातीत फिरवत राहिला. मग म्हणाला, "पाणी पडलं होतं म्हटलं की सगळं भागत होतं."

दोघांनी एकदमच मोहाच्या झाडाकडे पाहिलं. बिरजूनं पांढरा दुपट्टा डोक्याला बांधला होता. इतक्या लांबूनही तो बिरजूच होता हे कळत होतं, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना कुणी उभं नव्हतं.

सुकलू म्हणाला, "मायाच्यानं तिथपर्यंत चालवत नाई."

हे खरं होतं आणि सोयीचंही होतं. देवाजीनं दोन्ही पुड्या मुठीत घेतल्या आणि तो निघाला.

रस्ता ओलांडून पलीकडच्या धुऱ्यापर्यंत दोनशे पावलं असतील. चालता चालता देवाजीनं मनात बेत जुळवला, आणि बेत त्याला बरा वाटला. बिरजूला सगळं सांगायचं, त्याला हाताला धरून आणायचं, आणि रंजीताच्या गाडीत तेल त्याच्या हातानं टाकायचं. दुसऱ्या घरचा सोबती म्हणून. सगळं गाव पाहील. ज्याच्या हातून टाकी भरून घेतात तो विश्वासाचा माणूस, हे गावाला वेगळं सांगावं लागत नाही. बोलायची गरजच पडणार नाही.

बिरजूनं त्याला येताना पाहिलं आणि सायकलचं हँडल वळवलं.

"थांब गा बिरजू."

"उभाच आहो भाऊ. कोणाच्या मधात नाई आलो."

देवाजीनं त्याला सांगितलं. पुड्यांचं सांगितलं, रेघेवरचं सांगितलं, सुकलूला कळलं होतं तेही सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर दुसऱ्यांदा फार जड गेलं नाही. मग त्यानं मूठ उघडून पुड्या पुढं केल्या आणि म्हणाला, की चल, पोरीच्या गाडीत तेल तू टाक.

बिरजूनं एक पुडी उचलली. उन्हात धरून पाहिली. तिच्यातलं निळसर तेल एका कोपऱ्यात गोळा झालं होतं. गिट्टीनं त्याच्या बोटांची कातडी फाटून पांढरी पडली होती.

"मी तवाच सांगतलं होतं," तो म्हणाला, "इथी पाणी नाई मारलं म्हणून."

"हव."

"टँकर दाखवला मी लोकाईले. रिकामा."

"हव."

"कोणी नाई आयकलं."

बिरजू रागावला असता, शिव्या दिल्या असत्या तर देवाजीनं त्या अंगावर घेतल्या असत्या, बरंच वाटलं असतं. पण बिरजू त्या पुडीकडेच पाहत होता. मग त्यानं ती परत देवाजीच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं आपल्या हातानं मिटवली, लहान पोराच्या हातात काही देतात तशी.

"मले काऊन सांगून राह्यले भाऊ?" तो म्हणाला. "मले तं माहीतच होतं. ज्याईले माहीत नाई, त्याईले सांगा."

त्यानं मांडवाकडे बोट दाखवलं नाही, नुसतं पाहिलं. तिथं दिनेश माइकवरून कुत्र्याच्या मालकाला आवाहन करत होता आणि माणसं हसत होती.

देवाजी परत फिरला. जातानाची दोनशे पावलं येताना जास्त झाली. रंजीता चिठ्ठी काढून आली होती, तिला आतल्या बाजूची तिसरी जागा मिळाली होती. ती स्कूटरजवळ उभी राहून झाकणाकडे पाहत होती, पण रिवाज होता म्हणून तिनं त्याला हात लावला नव्हता. तिनं त्याच्या मुठीकडे पाहिलं.

"काका, तेल राह्यलंच का?"

"थांब बाई," देवाजी म्हणाला. "पाच मिनिटाचं काम आहे."

तो थांबला नाही, सरळ मांडवाकडे गेला. माणसांनी वाट दिली. एकानं पाठीवर थाप मारली, एकानं विचारलं की या वर्षी गाडी काऊन नाई काढली देवाजीभाऊ. समोर मेजावर लाल कापड अंथरून नवा पितळी गुंड ठेवला होता, अगदी घरच्यासारखा. देवाजीच्या मागं कुणीतरी येत होतं. कोरड्या बांधीत काठी टेकल्याचा आवाज, मग पाय ओढल्याचा, मग पुन्हा काठीचा. देवाजीनं वळून पाहिलं नाही, पण पाऊल थोडं हळू केलं. आवाज शेजारी येऊन थांबला.

"दोन शब्द बोलायचे होते," देवाजी दिनेशला म्हणाला.

दिनेशला आनंद झाला. दोघं जुने स्वार, जिवाभावाचे मैतर, यांच्यासाठी टाळ्या झाल्याच पाहिजेत असं तो माइकवर म्हणाला आणि टाळ्या झाल्या. मग त्यानं माइक पुढं केला आणि हलक्या आवाजात सांगितलं, "थोडक्यात घ्या भाऊ. ऊन होऊन राह्यलं."

देवाजीनं माइक हातात घेतला. दुसऱ्या मुठीत पुड्या होत्या, कोमट झालेल्या. समोर सगळं गाव होतं, पहिल्या रांगेत सरिता होती, आणि गावाच्या डोक्यांवरून पार पलीकडे मोहाचं झाड दिसत होतं.

"त्या वर्षी मोडावर पाणी नव्हतं," तो म्हणाला.

कर्ण्यातून ते वाक्य बांध्यांवर गेलं. मांडवात लोक अजून हसऱ्या चेहऱ्यानं पुढचं ऐकायला थांबले होते. पलीकडे धुऱ्यावर बिरजूनं सायकल स्टँडवर लावली.